कंबरदुखी : कोणाची ओसरते, कोणाला जडते?

कपाशीची बोंडे उमलू लागली की खानदेशच्या शिवारात वेचणीला आलेल्या स्त्रियांच्या रांगा दिसू लागतात. कमरेला ओटी बांधून, अर्धवट वाकलेल्या स्थितीत, सकाळपासून सायंकाळपर्यंत ही वेचणी चालते. रावेर, यावल व चोपडा या तालुक्यांत केळीचे घड डोक्याखांद्यावरून बागेबाहेर वाहून आणणाऱ्या मजुरांची ये-जा वर्षाचे बहुतेक महिने थांबत नाही. जळगाव व धुळे येथील बाजार समित्यांमधील हमाल, डाळ गिरण्यांतील कामगार, धुळ्याच्या यंत्रमागांवर उभे राहणारे विणकर, भुसावळच्या रेल्वे यार्डातील कर्मचारी, कन्नडचा घाट चढणारे मोटारचालक आणि हंगामात कोयता घेऊन दक्षिण गुजरातेतील ऊसतोडीला जाणारी कुटुंबे, या सर्वांची उपजीविका अक्षरशः पाठीच्या कण्यावर उभी आहे. या भागात कंबर कधीच न दुखलेला प्रौढ माणूस शोधूनच काढावा लागेल.

त्यामुळे कंबर दुखणे हा येथे चर्चेचा विषयही होत नाही. उसण भरली, लचक आली, चमक निघाली, ‘मनी कंबर दुखस’ असे म्हणून माणूस दोन दिवस खाटेवर पडतो, एरंडाच्या पाल्याने शेकतो, एखाद्या पायाळू व्यक्तीचा पाय कमरेला लावून घेतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा शेताच्या वाटेला लागतो. पायाळूच्या पायाला मिळणारे हे श्रेय कोणी फारसे तपासत नाही, आणि तसे पाहिले तर दवाखान्यातील इंजेक्शनला मिळणारे श्रेयही तपासले जात नाही. नव्याने उद्भवलेली साधी कंबरदुखी पहिल्या सहा आठवड्यांत झपाट्याने कमी होते, असे अनेक देशांतील पाहण्यांतून आढळले आहे. ज्याचा उपाय या काळात चालू असेल त्याला गुणाचे श्रेय जाते, इतकेच.

अडचण आहे ती न थांबणाऱ्या कंबरदुखीची. केळीच्या एकाच टोळीतील दोन मजूर कल्पावेत. दोघांचे वय पस्तिशीच्या आसपास, मजुरी सारखी, आणि एकाच आठवड्यात दोघांच्याही कमरेत कळ आली. तीन आठवड्यांनी पहिला कामावर परतला. दुसरा सहा महिने उलटले तरी ओट्यावर बसून आहे. त्याच्याजवळ दोन एक्स-रे, एक एम.आर.आय., कमरेचा एक पट्टा आणि नातलगांकडून घेतलेली उसनवारी जमा झाली आहे. पत्नी एकटी मजुरीला जाते. थोरल्या मुलीची शाळेतील हजेरी घटली आहे. पहिल्या आठवड्यात या दोघांना पाहणाऱ्या डॉक्टरला, परिचारिकेला किंवा आशा कार्यकर्तीला यांपैकी कोण कोणत्या वाटेने जाणार हे ओळखता आले असते काय? आले असते, तर दुसऱ्याची वाट बदलता आली असती काय?

गेली तीन-चार दशके वैद्यकशास्त्र या दोन प्रश्नांचा पाठपुरावा करीत आहे. हाती आलेली उत्तरे पूर्ण नाहीत. परंतु जी आली आहेत ती सर्वसाधारण समजुतीपेक्षा बरीच वेगळी आहेत.

व्याप्ती

बारा आठवड्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या दुखण्यास दीर्घकालीन अथवा चिरकारी कंबरदुखी म्हणतात. सहा आठवड्यांच्या आतील ती ताजी, आणि सहा ते बारा आठवड्यांमधील ती मधल्या टप्प्यातील. हा मधला टप्पा पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे. जगभरात २०२० साली सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटींवर जाईल, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात वर्तविण्यात आला. माणसाला अपंगत्वाचे दिवस काढावयास लावणाऱ्या सर्व व्याधींमध्ये कंबरदुखीचा क्रमांक पहिला लागतो. ती मृत्यूच्या दाखल्यावर येत नाही, म्हणून आरोग्याच्या तक्त्यांत तिला जागा मिळत नाही.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने आखलेल्या पद्धतीनुसार घरोघर जाऊन केलेली पाहणी प्रसिद्ध आहे. हाडे, सांधे व स्नायूंच्या वेदना सुमारे शेकडा १८ प्रौढांमध्ये आढळल्या आणि दुखणाऱ्या जागांमध्ये कंबर ही प्रमुख जागांपैकी एक होती. भिगवणचा शेतकरी आणि पारोळ्याचा शेतकरी यांच्या कष्टांत फार अंतर असेल असे मानण्याचे कारण नाही.

‘गादी सरकली’ म्हणजे काय?

दुखणे का जडले, असे विचारले तर या भागात बहुधा तीन उत्तरे मिळतात : गादी सरकली, नस दबली, मणक्यात गॅप आला. ही तिन्ही उत्तरे छायाचित्रावरून आलेली असतात. एक्स-रे किंवा एम.आर.आय. पाहून डॉक्टर अथवा तंत्रज्ञ एखादा शब्द उच्चारतो, रुग्ण तो घरी नेतो आणि पुढे जन्मभर त्याच शब्दात आपल्या कमरेचा विचार करतो.

अशा छायाचित्रांतून दुखण्याचे भवितव्य कितपत कळते? २०१५ मध्ये एका संशोधक गटाने कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० व्यक्तींच्या तपासण्यांचे निष्कर्ष एकत्र केले. मणक्यांमधील चकतीची झीज वीस वर्षे वयाच्या निरोगी व्यक्तींतही शेकडा ३७ जणांमध्ये होती, तर ऐंशीच्या घरातील निरोगी व्यक्तींत ती शेकडा ९६ जणांमध्ये होती. चकती बाहेर फुगण्याचे प्रमाण याच वयांत ३० वरून ८४ टक्क्यांपर्यंत वाढत गेले. यांपैकी कोणाचीही कंबर दुखत नव्हती. म्हणजे केस पिकावेत, त्वचेला सुरकुत्या पडाव्यात तसेच हे बहुतांशी वयाचे काम आहे. पायात उतरणारी तीव्र कळ, पायाची ताकद कमी होणे अशी लक्षणे असतील तेव्हा छायाचित्राचा उपयोग निर्विवाद आहे. साध्या कंबरदुखीत मात्र कोणाचे दुखणे टिकेल हे त्यावरून फारसे कळत नाही. उलट ‘गॅप’ हा शब्द मनात घर करून बसतो. ज्या माणसाला आपला कणा दुभंगला आहे असे वाटू लागते, तो वाकेल कसा?

लाल सिग्नल, पिवळा सिग्नल

भुसावळसारख्या जंक्शनच्या जिल्ह्यात सिग्नलची भाषा समजावून सांगावी लागत नाही. वैद्यकशास्त्रानेही कंबरदुखीत तीच भाषा स्वीकारली आहे. काही खुणा लाल असतात. त्या दिसताच थांबून तपासणी करावयाची. संध्याकाळचा ताप, वजन घटणे, रात्री घाम व विश्रांतीतही न थांबणारी वेदना असेल तर कण्याच्या क्षयरोगाची शंका घेतली पाहिजे. आपल्या देशात ही शंका पुस्तकी नव्हे, आणि क्षयरोगाची औषधे शासकीय कार्यक्रमातून विनामूल्य मिळतात. झाडावरून किंवा विहिरीत पडल्यानंतरची कंबरदुखी, उतारवयातील स्त्रीला किरकोळ धक्क्यानंतर आलेली कळ, पूर्वी कर्करोग झालेल्या व्यक्तीचे नवे दुखणे हेही लाल सिग्नलच होत. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा जाणे, बैठकीचा भाग बधिर होणे, पाय लुळे पडू लागणे ही लक्षणे दिसल्यास एक दिवसही न दवडता, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून, रुग्णास मोठ्या रुग्णालयात पोचविले पाहिजे. येथे तासांचा हिशेब असतो.

अशा गंभीर कारणांची कंबरदुखी एकूणात थोडी असते. उरलेल्या मोठ्या समुदायात कोणाचे दुखणे जडेल हे ओळखण्यासाठी १९९७ मध्ये न्यूझीलंडमधील तज्ज्ञांनी ‘पिवळे झेंडे’ ही संज्ञा रूढ केली. हे झेंडे कण्यात नसतात. ते रुग्णाच्या समजुतीत, मनःस्थितीत, घरात व कामाच्या जागी असतात. हालचाल केली तर कण्याला इजा होईल अशी पक्की धारणा, दुखणे आता कधीच जाणार नाही अशी निराशा, खिन्नता, झोप उडणे, कामावरील असमाधान, आणि आपल्याला कोणी तरी बरे करील, आपण काही करावयाचे नाही, अशी अपेक्षा, हे त्यांतील प्रमुख होत. पूर्वी कंबरदुखी होऊन गेलेली असणे आणि आताच्या वेदनेची तीव्रता अधिक असणे यांनाही महत्त्व आहेच.

अमेरिकेतील बोईंग विमान कारखान्यातील ३,०२० कामगारांवर केलेला आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात आवर्जून सांगितला जातो. कोण कामगार पुढे पाठदुखीची तक्रार नोंदवील याचा शोध घेताना शारीरिक मापांपेक्षा एक साधी गोष्ट अधिक उपयोगी ठरली : आपले काम त्याला आवडते की नाही. याचा अर्थ तक्रार करणारे ढोंग करीत होते, असा घेणे अन्यायाचे होईल. वेदना खरीच असते. ती किती काळ टिकेल हे मात्र केवळ स्नायू आणि हाडे ठरवीत नाहीत.

भीतीचे चक्र कसे फिरते ते केळीच्या मजुराच्या उदाहरणावरून पाहावे. घड उचलताना कळ आली. ‘उचलले तर कणा मोडेल’ असे कोणी सांगितले. त्याने उचलणे सोडले. मग वाकणे सोडले, मग चालणे कमी केले. महिनाभरात पाठीचे व पोटाचे स्नायू दुर्बळ झाले. आता पाण्याचा हंडा उचलला तरी कळ येते. आलेली प्रत्येक कळ मूळ समजुतीला पुरावा म्हणून जमा होते. खर्च वाढतो, झोप उडते, आणि अपुऱ्या झोपेने वेदना अधिक तीव्र भासते. पहिल्या मजुरालाही कळ आलीच होती. परंतु त्याने ‘दुखते पण मोडत नाही’ हे अनुभवाने जाणले व तो हळूहळू पुन्हा कामात शिरला.

नऊ प्रश्न

हे झेंडे गर्दीच्या दवाखान्यात पाच मिनिटांत कसे ओळखावेत? इंग्लंडमधील कील विद्यापीठाने २००८ मध्ये नऊ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली प्रसिद्ध केली. गेल्या दोन आठवड्यांत कळ पायात उतरली काय, मान किंवा खांदाही दुखला काय, चालणे थोड्याच अंतरावर आले काय, कपडे घालण्यास वेळ लागू लागला काय, हे पहिले चार प्रश्न शरीराविषयी आहेत. उरलेले पाच मनाविषयी : अशा अवस्थेत हालचाल करणे धोक्याचे वाटते काय, मनात काळजीचे विचार वारंवार येतात काय, हे दुखणे भयंकर आहे व कधी बरे होणार नाही असे वाटते काय, पूर्वी ज्यात आनंद वाटे त्यात आता वाटेनासा झाला काय, आणि एकंदरीत दुखण्याचा जाच किती आहे. तीनपर्यंत गुण झाले तर धोका कमी; चार वा अधिक झाले तर मध्यम; आणि शेवटच्या पाच प्रश्नांतच चार किंवा पाच गुण झाले तर धोका अधिक, असे गट पडतात. कमी धोक्याच्या रुग्णाला दिलासा व माहिती देऊन घरी पाठवावयाचे, मध्यम गटाला भौतिकोपचार, आणि तिसऱ्या गटाला भौतिकोपचाराबरोबरच भीती व निराशा यांवर बोलून मार्ग काढणारा उपचार, अशी ही व्यवस्था आहे. ८५१ रुग्णांवर केलेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही पद्धत नेहमीच्या उपचारांपेक्षा गुणकारी आणि स्वस्तही ठरली.

स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन लिंटन यांनी १९९८ मध्ये सिद्ध केलेल्या दुसऱ्या एका प्रश्नावलीत तर रुग्णालाच भविष्य विचारले आहे : आपले दुखणे टिकून राहील असे आपणास किती वाटते, आणि सहा महिन्यांनी आपण कामावर असाल काय? रुग्णाची स्वतःची अपेक्षा हा पुढील वाटचालीचा एक चांगला निर्देशक ठरतो, हे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. सगळी प्रश्नावली बाजूला ठेवली तरी, ‘भाऊ, पुढच्या हंगामात तुम्ही घड उचलाल ना?’ या एका प्रश्नाच्या उत्तरातून बरेच काही कळू शकते.

भाकिताचे गणित

तरीही अशा भाकितांवर किती विसंबावे, याचे गणित समजून घेणे अवश्य आहे. शिक्षकांना ते वर्गातही घालता येईल. समजा, एका प्राथमिक आरोग्य केंद्रात कंबरदुखीचे १०० रुग्ण आले आणि त्यांतील २० जणांचे दुखणे पुढे जडणार आहे. एक प्रश्नावली अशा वीसांपैकी १६ जणांना बरोबर ओळखते. उरलेल्या ८० जणांपैकी ५६ जणांना ‘धोका नाही’ असे बरोबर सांगते. कामगिरी वाईट म्हणता येणार नाही. परंतु धोक्याचा शिक्का एकूण किती जणांवर बसला? १६ अधिक २४, म्हणजे ४० जणांवर. त्यांतील २४ जण आपोआप बरे होणार होते. शिवाय चार जण हातचे सुटलेच. येथील आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत; पण प्रत्यक्षातील प्रश्नावल्यांची गत याहून फार वेगळी नाही. २०१७ मध्ये अशा साधनांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा वेदना टिकेल की नाही हे ती नीटसे सांगू शकत नाहीत, कामावरील दीर्घ गैरहजेरी व दैनंदिन व्यवहारांतील अडचण यांचा अंदाज मात्र त्या मानाने बरा बांधतात, असा निष्कर्ष निघाला.

तर मग विचारावयाचेच कशाला? उत्तर पुढील उपायात आहे. शिक्का बसल्यावर शस्त्रक्रिया होणार असेल तर २४ माणसांवर विनाकारण सुरी चालेल. शिक्का बसल्यावर दहा मिनिटे अधिक बोलणे, चार व्यायाम शिकविणे आणि पंधरवड्याने पुन्हा बोलावणे एवढेच होणार असेल, तर त्या २४ जणांचे काहीच बिघडत नाही आणि १६ जणांचे घर वाचण्याची शक्यता निर्माण होते. भाकीत जितके कच्चे तितका उपाय सौम्य असावा, हा नियम कंबरदुखीपुरता तरी पाळण्याजोगा आहे. प्रश्नावलीचा वापर करून रुग्णाला ‘तुमचे आता जडणार’ असे सांगणे हे तर उघड अनर्थकारक. त्याने पिवळा झेंडा आपल्याच हाताने रोवला जाईल.

अमेरिकेतील अनुभवही नोंदला पाहिजे. इंग्लंडमध्ये यशस्वी झालेली गटवारीची पद्धत तेथे राबविली असता, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत अधिक धोक्याच्या रुग्णांचे दुखणे जडण्याचे प्रमाण घटले नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात ताज्या कंबरदुखीच्या ५,२३३ रुग्णांचा मागोवा घेतला होता. सहा महिन्यांनी शेकडा ३२ जणांचे दुखणे दीर्घकालीन झाले होते. प्रश्नावलीतील धोक्याचा गट जितका वरचा तितके हे प्रमाण अधिक होते. परंतु आणखी एक गोष्ट आढळली : सुरुवातीच्या तीन आठवड्यांत अनावश्यक छायाचित्रे, अयोग्य औषधे, घाईने विशेषज्ञाकडे पाठवणी असे मार्गदर्शक तत्त्वांशी विसंगत उपचार जितके अधिक, तितकी दुखणे जडण्याची शक्यताही अधिक. याचा अर्थ रुग्णाबरोबरच त्याला मिळालेल्या उपचारांकडे पाहूनही काही अंशी भाकीत करता येते. ज्या भागात पहिल्याच आठवड्यात एम.आर.आय. काढून घेण्याकडे कल वाढत आहे, तेथे हे वाक्य दोनदा वाचावे.

मेंदूतील छायाचित्रांवरही संशोधन चालू आहे. शिकागो येथील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील वानिया अप्कारियन यांच्या गटाने २०१२ मध्ये मधल्या टप्प्यातील ३९ रुग्णांचा वर्षभर अभ्यास करून, प्रेरणा व भावना यांच्याशी संबंधित अशा मेंदूच्या दोन भागांमधील सुरुवातीचे दळणवळण ज्यांच्यात अधिक, त्यांचे दुखणे टिकले असे दाखविले. शोध मोलाचा आहे. तथापि, तो प्रयोगशाळेतला आहे. अशा यंत्राची साक्रीच्या ग्रामीण रुग्णालयात वाट पाहण्याचे कारण नाही.

खानदेशातील पिवळे झेंडे

परदेशी प्रश्नावली जशीच्या तशी भाषांतरित करून येथे वापरणे योग्य होणार नाही. कंबरदुखीमुळे येणारी असमर्थता मोजणाऱ्या ऑस्वेस्ट्री या प्रश्नावलीचे मराठी रूप रीतसर पडताळून २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले आहे, ही समाधानाची बाब आहे. परंतु जळगाव-धुळ्याच्या खेड्यात रुग्णाची बोली अहिराणी असते, सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी किंवा भिलोरी. ‘आनंद वाटेनासा झाला’ हे त्या बोलीत कसे विचारावयाचे, हे तेथील आशा कार्यकर्तीच सांगू शकेल. कपडे घालण्याऐवजी लुगडे नेसणे, बैठकीवरून उठणे, चुलीपुढे बसणे, हापशावरून पाणी भरणे हे प्रश्न अधिक बोलके ठरतील. भाषांतरानंतर त्याची पडताळणीही येथील रुग्णांवरच करावी लागेल. वैद्यकीय महाविद्यालये जळगावलाही आहेत व धुळ्यालाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे येथील जीवनातील धोक्याच्या खुणा त्या प्रश्नांत नाहीत. बोईंगच्या कामगाराला काम आवडते काय असे विचारता येते. कोयत्याला निघालेल्या माणसाने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. त्याला कंबर दुखली म्हणून दोन दिवस हलके काम मागता येत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकाची कंबर धरली तर दोघांची कमाई तुटते आणि उचल फिटत नाही. उक्त्या कामात तर ‘हळूहळू कामावर परतणे’ हा सल्लाच हास्यास्पद ठरतो, कारण अर्धे काम करणाऱ्याला टोळीत कोणी ठेवून घेत नाही. असा मजूर एक तर कळ दाबून सगळे ओझे उचलतो, नाही तर काहीच उचलत नाही. आणि बरे होण्याची वाट या दोहोंच्या मधून जाते. यास्तव खानदेशात एखाद्याचे दुखणे जडेल काय हे पाहताना त्याच्या डोक्यावर उचल किंवा कर्ज आहे काय, त्याला काही आठवडे हलके काम मिळू शकेल काय, घरात दुसरे कमावते माणूस आहे काय, हे तीन प्रश्न विचारले पाहिजेत. ते शास्त्रीय कसोटीवर अद्याप उतरावयाचे असले तरी व्यवहाराच्या कसोटीवर दुर्लक्षिण्याजोगे नाहीत.

ओझ्याच्या वजनाचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्येच प्रौढ पुरुषाने हाताने वाहावयाच्या ओझ्यासाठी ५५ किलोग्रॅमची मर्यादा सुचविली. महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी १९६९ मध्ये कायदा झाला, तो देशात या प्रकारचा पहिला मानला जातो. बाजार समितीच्या आवारात त्याचे संरक्षण असते. बागेच्या बांधावर व रात्री भरल्या जाणाऱ्या मालमोटारीपाशी ते कितपत पोचते, याकडे स्थानिक पदाधिकाऱ्यांनी लक्ष दिलेले बरे.

काय करता येईल

खाटेवर पडून राहण्याने कंबर लवकर बरी होते, ही समजूत शास्त्राने बाद केली आहे. फिनलंडमध्ये हेलसिंकी शहराच्या १८६ कर्मचाऱ्यांवर केलेल्या व १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, वेदनेच्या मर्यादेत नेहमीचे व्यवहार चालू ठेवणारे रुग्ण अंथरुणावर विश्रांती घेणाऱ्यांपेक्षा लवकर सावरले. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीविषयी प्रथमच मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत रुग्णशिक्षण, व्यायाम व मानसोपचारपद्धती यांचा पुरस्कार केला असून कमरेचे पट्टे, वजन लावून ताण देणे व अफूजन्य वेदनाशामके नेहमीच्या वापरात आणू नयेत असे म्हटले आहे. गावोगावच्या औषध दुकानांत खुंटीला लटकणारे पट्टे पाहता, ही सूचना आपल्याकडे पोचावयास अवकाश आहे.

समजुती बदलणे हे माहितीचे काम आहे आणि ते साध्य होते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात १९९७ पासून दूरचित्रवाणीवरून ‘कंबर दुखली तरी पडून राहू नका’ अशा आशयाची मोहीम चालविण्यात आली. जनतेच्याच नव्हे तर डॉक्टरांच्याही समजुती बदलल्या आणि पाठदुखीसाठी होणारे भरपाईचे दावे घटले. शेजारच्या, मोहीम नसलेल्या राज्यात तसे झाले नाही. ग्रामसभा, बचतगटाची बैठक, शाळेतील पालकसभा ही आपली दूरचित्रवाणी होय. तेथे ‘मणक्यात गॅप’ या शब्दाचा अर्थ कोणी नीट समजावून सांगितला तरी बरेच काम होईल. सांगणारा गावातीलच, कंबरदुखीतून उठून कामाला लागलेला मजूर असेल तर अधिकच उत्तम.

ग्रामपंचायतीच्या हाती एक गोष्ट आहे. पंचायतीमार्फत चालणाऱ्या कामांवर पाणी पाजणे, हजेरीच्या कामात मदत, रोपवाटिकेची देखभाल अशी हलकी कामे असतात. कंबरदुखीतून सावरणाऱ्या मजुराला चार-सहा आठवडे अशा कामावर घेणे हा औषधाइतकाच उपयोगी उपाय ठरू शकेल. केळीबागायतदार व मुकादम यांच्याशीही सरपंचांनी या विषयावर बोलावे; तोडणीच्या टोळीत पाने कापणे, घड पुसणे, मोजणे ही कामेही असतातच, आणि ती कोणाला द्यावयाची हे मुकादमच ठरवितो.

शिरपूर तालुक्यातील पायथ्याच्या गावातून धुळ्याला रोज भौतिकोपचारासाठी जाणे मजुराला परवडणारे नाही. एकदा नीट शिकविलेले व्यायाम घरी करता येतात, आणि रोजचे चालणे हाही व्यायामच आहे. ज्या रुग्णाच्या बोलण्यात खोल निराशा जाणवते त्याच्यासाठी १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ची विनामूल्य सेवा उपलब्ध आहे. कंबर दुखते म्हणून मानसोपचाराचा दूरध्वनी का करावयाचा, असे रुग्ण विचारील. त्याचे दुखणे खरे मानले आहे हे आधी त्याला पटवून दिल्याशिवाय तो क्रमांक देऊ नये.

राहता राहिला तो मधला टप्पा. कोणाचे दुखणे जडणार याचा सर्वांत भरवशाचा संकेत अखेर काळच देतो. जो सहा आठवड्यांनीही सावरलेला नाही, त्याच्याकडे वेगळे लक्ष पुरविण्याची ती वेळ असते. मात्र खेड्यात दुखणे कधी सुरू झाले याची नोंद कोठेच नसते. विचारले तर ‘पोळ्यापासून’ किंवा ‘कापसाच्या दुसऱ्या वेच्यापासून’ असे उत्तर येते. आशा कार्यकर्तीच्या वहीत कंबरदुखीच्या रुग्णाचे नाव, दुखणे सुरू झाल्याचा दिवस आणि त्यानंतर सहाव्या आठवड्याची तारीख एवढ्या तीन गोष्टी लिहिल्या गेल्या, तर त्या तारखेला ती त्याच्या दारी जाऊ शकेल आणि तो कामावर गेला आहे की ओट्यावर बसला आहे, हे पाहून घेईल.